हॉर्न नवा, तरी गाडी मुकी का?

प्रश्न : आमच्या घरी वडिलांनी घेतलेली १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे. बिदरला, भालकीला, कधी उदगीरपर्यंत तिनेच जाणं होतं. गेलं वर्षभर हॉर्ननं छळलंय. स्टिअरिंग सरळ असलं की वाजत नाही, थोडं वळवलं की वाजतो. रात्री हेडलाइट लावले की आवाज बसतो. दोन्ही हॉर्न नवे घातले, फ्यूज बदलला; आठ दिवस बरे गेले, पुन्हा तेच. मागच्या पावसाळ्यात तर वळणावर हॉर्न आपोआप सुरू झाला तो थांबेचना, शेवटी फ्यूज ओढून काढला. मिस्त्री म्हणतात, सगळी वायरिंग नवी करा. करावी का? की ट्रकचा प्रेशर हॉर्न लावून मोकळं व्हावं?
— एक वाचक, कोळार (जि. बिदर)

उत्तर : सगळी वायरिंग बदलू नका, निदान आत्ता तरी नाही. प्रेशर हॉर्न तर मुळीच नको. त्याचं कारण पुढे येईलच.

तुमचं पत्र फार उपयोगी आहे, कारण हॉर्न कधी वाजत नाही, कधी बसतो आणि कधी आपोआप वाजला, हे तुम्ही नेमकं लिहिलं आहे. गॅरेजमध्ये आपण नुसतं ‘हॉर्न बिघडलाय’ एवढंच सांगतो. मग मिस्त्री हॉर्न बदलतो, त्याचंही काही चुकत नाही. पण दोन हॉर्न एकाच दिवशी मरत नसतात. दोघंही एकदम गप्प होतात तेव्हा दोष दोघांच्या सामाईक वाटेवर असतो. तुमच्या गाडीत मला एक नाही, तीन दोष दिसतात, आणि तिन्ही वेगवेगळ्या जागी. म्हणूनच एक दुरुस्त केला की आठ दिवस बरं वाटतं.

आधी हॉर्नच्या पोटात काय चालतं ते पाहू, कारण पुढचं निदान त्यावर उभं आहे. पत्र्याच्या वाटीत तांब्याच्या तारेची कॉइल असते, तिच्यासमोर पातळ पोलादी पडदा, म्हणजे डायफ्राम. करंट आला की कॉइल लोहचुंबक होते आणि पडद्याला जोडलेला लोखंडी दांडा ओढते. दांडा ओढला जाताना वाटेतले पॉइंट उघडतो. पॉइंट उघडले की करंट तुटतो, पडदा मागे येतो, पॉइंट पुन्हा जुळतात. हे सेकंदाला तीनचारशे वेळा घडतं आणि आपल्याला सलग सूर ऐकू येतो. मोटारीच्या पहिल्या काळात रबरी फुगा दाबायचा भोंगा होता. १९०८ च्या सुमारास अमेरिकेत मिलर हचिसनचा मोटरवर चालणारा क्लॅक्सन आला. बॉशनं १९२१ साली विजेचा हॉर्न बाजारात आणला. तुमच्या पद्मिनीच्या जाळीमागचा हॉर्न त्याच जातीचा आहे. शंभर वर्षांत त्याचं तत्त्व बदललेलं नाही, आणि म्हणूनच तो घरी तपासता येतो.

या रचनेमुळे बिघाडाची दोन रूपं कानानं ओळखू येतात. बटण दाबल्यावर हॉर्नमधून एकदाच ‘टक्’ येऊन पुढे शांतता असेल, तर बहुधा पॉइंट चिकटले आहेत किंवा पडदा जाम आहे. अशा वेळी करंट तुटतच नाही, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वाहतो, कॉइल तापते, फ्यूज उडतो. ‘टक्’सुद्धा आला नाही, तर हॉर्नपर्यंत करंट पोचत नाही, किंवा पॉइंट गंजून उघडेच राहिले आहेत. ही ‘टक्’ इंजिन बंद ठेवून ऐकायची. एकानं आत बसून बटण दाबायचं, दुसऱ्यानं बॉनेट उघडून कान द्यायचा.

आता हॉर्न निर्दोष आहे की नाही, याचा निकाल पाच मिनिटांत लावता येतो. हॉर्नच्या दोन्ही वायरी काढा. बॅटरीच्या दोन टोकांपासून दोन जाड वायरी थेट हॉर्नच्या दोन टोकांना द्या, एका वायरीत १५ ॲम्पिअरचा फ्यूज घाला. खणखणीत वाजला तर हॉर्नला पुन्हा हात लावायचा नाही. एकेक करून दोन्ही तपासा. जोडीत एक हॉर्न खालच्या सुरातला असतो, एक वरच्या, त्यामुळे एकच चालत असेल तर आवाज पातळ आणि चिरका लागतो आणि माणसाला वाटतं, करंट कमी पडतोय. तुमचे हॉर्न नवे आहेत, तेव्हा माझा अंदाज आहे की दोन्ही पास होतील.

यापुढचा महत्त्वाचा प्रश्न म्हणजे तुमच्या गाडीत बटण नेमकं काय करतं. घरात आपण स्विचनं येणारी वीज तोडतो-जोडतो. मोटारीच्या हॉर्नमध्ये बहुतेक वेळा उलट असतं: फ्यूजमधून येणारा करंट हॉर्नपर्यंत कायम उभा असतो आणि बटण त्याला फक्त परतीची वाट, म्हणजे अर्थ, देतं. मध्ये रिले, म्हणजे कॉइलनं चालणारा स्विच, असेल तर बटण रिलेच्या कॉइलला अर्थ देतं आणि रिले हॉर्नला करंट देतो. चाळीस वर्षांच्या गाडीत किती हातांनी काय काय जोडलं असेल सांगता येत नाही, म्हणून पुस्तकातल्या आकृतीवर विसंबू नका. किल्ली चालू करा, बटण दाबू नका. टेस्ट लॅम्पची चिमटी बॉडीच्या स्वच्छ लोखंडाला लावा आणि टोक हॉर्नच्या दोन्ही टर्मिनलना टेकवा. दोन्हीकडे दिवा लागला तर बटण हॉर्नला थेट अर्थ देतंय. कुठंच लागला नाही आणि बटण दाबल्यावर एकीकडे लागला, तर मध्ये रिले आहे, किंवा कुणीतरी बटणातून थेट करंट फिरवला आहे.

टेस्ट लॅम्प बाजारातला पेनासारखा बारीक घेऊ नका. हेडलाइटचा जुना ५५ वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी झाळा. हा बल्ब साडेचार ॲम्पिअरच्या आसपास खातो, म्हणजे जवळजवळ एका हॉर्नइतका. याचं महत्त्व असं: वायरीच्या वीस तारांपैकी एकोणीस तुटल्या आणि एक शिल्लक राहिली तरी मल्टिमीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मल्टिमीटरला करंट जवळजवळ लागतच नाही. हॉर्नला मात्र त्या एका तारेतून काही मिळत नाही. ‘करंट तर येतोय, हॉर्नच खराब’ हा चुकीचा निकाल बहुतेक वेळा इथूनच निघतो. ५५ वॅटचा बल्ब अशा वायरीवर मिणमिणतो आणि खरं सांगतो.

आता तुमच्या तीन तक्रारी.

पहिली, स्टिअरिंग सरळ असताना न वाजणं. चाक फिरतं, वायर फिरू शकत नाही, म्हणून चाकाखाली पितळेची गोल कडी असते आणि तिच्यावर स्प्रिंगनं दाबलेला कार्बन किंवा पितळी टोक घासत राहतं. गाडी आयुष्यातला बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून कडी त्या एकाच ठिकाणी जास्त झिजते आणि तिथंच काजळी साचते. वळवलं की टोक कडीच्या चांगल्या भागावर येतं आणि हॉर्न बोलतो. तुमच्या वाक्यावरून हे निदान जवळजवळ पक्कं आहे. बॅटरीची अर्थ वायर आधी काढा, मग चाकाच्या मधलं हॉर्नचं बटण किंवा रिंग उघडा. कडी पेट्रोलच्या ओल्या फडक्यानं पुसा, बारीक पॉलिश पेपरनं हलकेच उजळवा, धूळ पुन्हा पुसा. कार्बन झिजून बुटका झाला असेल किंवा त्याची स्प्रिंग मऊ पडली असेल तर बदला. ग्रीस भरू नका. ग्रीस धूळ धरतं आणि ती धूळ कडी खाते. व्हॅसलिनचं अगदी पुसट बोट पुरे.

इथं आणखी एक जागा लोक विसरतात. काही गाड्यांत बटणाचा अर्थ स्टिअरिंगच्या दांड्यातून खाली बॉडीपर्यंत जातो. वाटेत ग्रीस भरलेली बेअरिंग आहेत, रंग आहे, गंज आहे. साफसफाईनंतरही हॉर्न लहरी राहिला तर दांड्याच्या उघड्या लोखंडापासून बॉडीपर्यंत एक तात्पुरती वायर धरा आणि बटण दाबायला सांगा. वाजला तर तिथं कायमची अर्थपट्टी लावा. चाक पूर्ण दोन्ही बाजूंना फिरल्यावर ती ताणली किंवा अडकली जाणार नाही एवढी ढिली.

दुसरी तक्रार, हेडलाइट लावले की आवाज बसणं. पद्मिनीत हेडलाइट आणि हॉर्न दोघंही पुढच्या पत्र्याजवळ राहतात आणि, हॉर्नला रिले असेल तर, बहुधा तिथल्या एकाच बोल्टवरून अर्थ घेतात. हिशोब करून पाहा. दोन हॉर्न मिळून ८ ॲम्पिअर घेतात असं धरू. त्या बोल्टखालच्या गंजानं फक्त पाव ओहम अडथळा केला तर ८ गुणिले पाव, म्हणजे २ व्होल्ट तिथंच संपतात. बॅटरीचे साडेबारा असतील तर हॉर्नला साडेदहा उरले. वाजेल, पण दबून. आता हेडलाइटचे ९ ॲम्पिअर त्याच बोल्टवरून जायला लागले की नुकसान चार व्होल्टच्या आसपास जातं आणि हॉर्न घोगरा होतो. रात्री दिवे पिवळट वाटतात का, आणि हॉर्न दाबला की आणखी मंद होतात का, हेही पाहा. होत असतील तर दोघांचा आजार एकच.

कोळारसारख्या ठिकाणी हा दोष जास्त, आणि त्याला कारण आहे. बिदरचं पठार जांभ्याचं. ती लाल माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते, पुढच्या जाळीतून आत बसते, आणि पावसाळ्यात ओल धरून ठेवते. ओलसर मातीखाली तांबं, पितळ आणि लोखंड एकमेकांना टेकलेले असले की गंज लागणारच. बिदरीचे कारागीर जस्ताच्या भांड्यावर किल्ल्यातली माती आणि नवसागर चोळून मुद्दाम काळा थर चढवतात. तुमच्या बोल्टखाली तसाच थर न मागता चढलाय, आणि तो करंट अडवतो.

उपाय सोपा आहे, पण मनापासून करायला हवा. बोल्ट पूर्ण काढा. पत्र्यावरचा रंग रुपयाएवढ्या जागेत खरवडून लोखंड चकचकीत करा. टर्मिनल हिरवं झालं असेल तर कापून नवं दाबा. दातेरी वॉशर घाला, घट्ट आवळा, मग वरून व्हॅसलिन किंवा रंग लावून बंद करा. आधी लावून मग आवळायचं नाही. जमलं तर त्या जागेपासून बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापर्यंत एक वेगळी जाड वायरच ओढा. जुन्या गाडीवर खर्च करायचा असेल तर पहिला खर्च मी या वायरीवर करीन. सगळी वायरिंग बदलण्याच्या मानानं ती काहीच नाही, आणि हॉर्न, हेडलाइट, पुढचे इंडिकेटर सगळेच सुधारतात.

काम झालं की मल्टिमीटरनं खात्री करा, आणि ही तपासणी हॉर्न वाजत असतानाच करायची. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, दुसरं हॉर्नच्या करंटच्या टर्मिनलवर. बटण दाबल्यावर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर जाण्याच्या वाटेवर कुठंतरी अडथळा आहे: फ्यूजच्या पाकळ्या, इग्निशन स्विच, मधले जोड. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरं हॉर्नच्या अर्थच्या टर्मिनलवर. इथंही अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. जास्त असेल तर टोक एकेक जोड मागे सरकवत जा. आकडा जिथं एकदम पडतो, तिथं दोष. ही रीत कळली की कुठलाही भाग अंदाजानं बदलावा लागत नाही.

फ्यूजच्या पाकळ्या मुद्दाम लिहिल्या. या गाड्यांत फ्यूज उघड्या पितळी पाकळ्यांत अडकवलेले असतात, त्या सैल आणि काळ्या पडतात. फ्यूज फिरवला की हॉर्न वाजतो, हा अनुभव अनेकांना असेल. पाकळ्या घासून हलक्या आत वाकवा. फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. ती गाडी जाळते. वायर तापते, चांदी वितळत नाही.

तिसरी तक्रार गंभीर आहे, आपोआप वाजणं. वर सांगितलं तसं बटण फक्त अर्थ देत असेल, तर बटणाकडे जाणाऱ्या वायरीचं कातडं कुठंही घासून तांबं बॉडीला टेकलं की हॉर्न वाजू लागतो आणि फ्यूजही उडत नाही, कारण गाडीच्या लेखी कुणीतरी बटण दाबूनच धरलं आहे. तुम्ही फ्यूज ओढलात ते अगदी योग्य केलंत. चालू इंजिनवर बॅटरीची वायर मात्र कधी ओढू नका; अल्टरनेटर असेल तर त्याचे डायोड जाऊ शकतात. आता शोध असा: रिले असेल तर हॉर्न वाजत असताना रिलेवरची बटणाकडची वायर काढा. आवाज थांबला तर दोष स्टिअरिंगच्या बाजूला. नाही थांबला तर रिलेचे पॉइंट चिकटले आहेत, रिले बदला. तुमच्याकडे हे वळणावर आणि पावसात झालं, म्हणून माझा संशय स्टिअरिंगच्या दांड्याखाली जिथं वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथल्या रबरी बुशावर आहे. ते बुश चाळीस वर्षांत कडक होऊन तुटतं, पत्र्याची धार वायर कापते, वरून पाणी झिरपतं. नवं बुश घाला, वायरीला नळी चढवा. बंद शेडमध्ये राहिलेल्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली वायरही याच लक्षणानं दिसते. शेडवरून आठवलं: शिंपल्यासारख्या वळणाच्या हॉर्नच्या तोंडात कुंभारीण माशी मातीचं घर करते. आवाज गेलेल्या हॉर्नच्या तोंडात आधी टॉर्च मारून पाहावं. आणि तोंड खाली झुकलेलं असावं, पाणी आत साचू नये.

तुमच्या गाडीत रिले नसेल तर बसवा, असं मी आग्रहानं सांगतो. रिलेशिवाय ८ ॲम्पिअर त्या झिजलेल्या कडीतून, कार्बनमधून आणि बटणातून जातात, दर वेळी ठिणगी पडते. रिले बसवल्यावर बटणाच्या वाट्याला पाव ॲम्पिअरहूनही कमी येतो. साधा चार टाचांचा रिले घ्या. त्यावर आकडे असतात: ३० वर बॅटरीकडून १५ ॲम्पिअर फ्यूजमधून येणारी अडीच चौरस मिलिमीटरची वायर, ८७ वरून हॉर्नला, ८५ आणि ८६ पैकी एकावर किल्लीनंतरचा करंट, दुसऱ्यावर बटणाची वायर. हॉर्नचं दुसरं टर्मिनल मग बॉडीला. जुनी वायरिंग कापू नका. तिच्या टोकांना नवी टोकं जोडा, रिले पुढच्या पत्र्यामागे दिसणार नाही असा बसवा. उद्या कुणाला गाडी मूळ रूपात हवी असेल तर दहा मिनिटांत निघाला पाहिजे.

हे सगळं करून आवाज थोडा घोगरा राहिला, तरच हॉर्नच्या पाठीमागचा छोटा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून सूर लावा. मधल्या नटाला हात लावू नका, त्यावर पडद्याचं अंतर ठरलेलं असतं. हॉर्न ज्या पातळ पोलादी पट्ट्यांवर लटकतो त्या पट्ट्या हव्यातच. त्या काढून हॉर्न थेट पत्र्याला आवळला की त्याला थरथरायला जागा राहत नाही आणि चांगला हॉर्नसुद्धा गुदमरतो.

प्रेशर हॉर्नबद्दल. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ चा नियम ११९ कर्कश, भयभीत करणारे आणि एकापाठोपाठ वेगळे सूर काढणारे हॉर्न मना करतो. विनाकारण हॉर्न वाजवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-एफ प्रमाणे पहिल्या वेळी १,००० आणि पुढे २,००० रुपये दंड आहे. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करताना तपासणी होते, तिथं हॉर्न चालू लागतो, पण तो नियमातला लागतो. कायद्यापलीकडेही सांगतो: भालकीच्या बाजारात म्हाताऱ्या माणसाच्या पाठीमागे ट्रकचा हॉर्न वाजवणं अन्यायाचं आहे. १९६४ साली कुर्ल्यात फियाट ११०० डिलाइट म्हणून सुरू झालेली आणि १९७४ पासून पद्मिनी म्हणून ओळखली जाणारी ही गाडी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या कारखान्यातली. तिचा दोन सुरांचा आवाज ऐकून लोक हसऱ्या चेहऱ्यानं बाजूला होतात. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली, त्यामुळे सुट्या भागांची मागणीही आटते आहे. हैदराबाद तुम्हाला जवळ आहे. कार्बन, कडी, बुश मिळतील तेव्हा एकेक जादा घेऊन ठेवा.

प्रश्न : आमच्याकडे आजोबांची फार जुनी ॲम्बॅसडर आहे. बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला बांधलेला दिसतो. कुणीतरी उलटं केलंय का? हॉर्न त्यामुळेच बंद आहे का?
— एक वाचक, आळंद (जि. कलबुर्गी)

उत्तर : घाईनं उलटं करू नका. ॲम्बॅसडर ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आली, आणि त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ हीच रीत होती. तुमची गाडी तशीच राहिली असेल. बॅटरीचे खांब पाहून खात्री करा. पॉझिटिव्ह खांब थोडा जाड असतो. हॉर्नला दिशेचं काही नसतं, कॉइल दोन्ही बाजूंनी चुंबक होते, तेव्हा हॉर्न बंद असण्याचं कारण हे नाही. वरच्या सगळ्या तपासण्या तुम्हीही करू शकता, फक्त मीटरची टोकं अदलाबदल करून वाचा, आणि रिले घ्याल तर आत डायोड नसलेला घ्या. नवा रेडिओ किंवा मोबाइलचा चार्जर मात्र या गाडीला तसाच जोडू नका, तो जळेल. निगेटिव्ह अर्थ करायचाच असेल तर डायनॅमोला नव्यानं ध्रुव द्यावे लागतात, इग्निशन कॉइलच्या वायरी आणि ॲमीटरची टोकंही बदलावी लागतात. हे काम जुन्या डायनॅमोवर हात बसलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.